अपोलीनबाईंचा खडा

“मी चुकले की मला पकडायचं,” एवढं एकच काम अपोलीनबाईंनी मला सांगितलं होतं. भाईंदरच्या एका शाळेत तेवीस वर्षं आम्ही बरोबर शिकवलं, त्या विज्ञान आणि मी मराठी. निवृत्तीनंतर तिथल्याच इंद्रलोक भागात एकाच इमारतीत राहिलो, त्या तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही, वाटीभर साखरसुद्धा नाही. जे मागितलं ते मी केलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. लोकांना वाटतं मी विनयाने असं बोलते. विनय वगैरे काही नाही, मला खरंच कळत नाही.

बाई उत्तनजवळच्या पालीच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. घरातून कॉलेजात गेलेल्या पहिल्याच. उंच, काटक, कायम सुती साडी. खांद्याला एक पिन आणि बांगडीला दोन पिना राखीव. त्या राखीव पिनांवर शाळेतल्या निम्म्या मुलींची अब्रू वाचली असेल. खांद्याला एक काळी पर्स. तिची क्लिप बंद होताना ‘टक’ असा आवाज यायचा. व्हरांड्यात टक ऐकू आलं की वर्ग गप्प बसायचा.

शाळेत त्या इतकं शुद्ध बोलत की मराठीची शिक्षिका असून मलाच दडपण यायचं. पण मधल्या सुट्टीत धाकट्या भावाचा, पास्कूचा, फोन आला की आवाजासकट बाई बदलायच्या. “न्हाय रे, आज न्हाय येत. तुझा बरा हाय ना?” फोन ठेवला की पुन्हा प्रमाण मराठी सुरू. मला त्या फोनवरच्या बाई जास्त आवडायच्या, पण हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

त्यांच्या तोंडी एक शब्द कायमचा बसलेला होता, “पुरावा?” आज उकडतंय म्हटलं, पुरावा? अमकीची मुलगी हुशार आहे, पुरावा? एका नव्या शिक्षिकेने भोचकपणे विचारलं, बाई, तुम्ही लग्न का नाही केलंत? बाई म्हणाल्या, “करावं, असं कोणी सिद्ध करून दाखवलं नाही.” त्या शिक्षिकेचं आठवड्यापूर्वीच लग्न झालं होतं, आणि ती पुढे दोन दिवस गप्पगप्प होती.

पण बाईंची खरी ख्याती होती ती खड्याची. प्रत्येक तासाला त्या मुद्दाम एक चूक करायच्या. तिला त्या खडा म्हणायच्या, भातातला खडा. माणसाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, असं अगदी ठामपणे सांगून पुढच्या वाक्यावर जायच्या. वर्गात कोणाच्या तरी दाताखाली तो खडा यायला हवा. आला की त्या मुलाने उभं राहून ओरडायचं, “बाई, खडा!” मग टक, पर्स उघडायची आणि लिमलेटची गोळी हातावर पडायची. कोणालाच सापडला नाही, तर दुसऱ्या दिवशी बाई वर्गात येऊन फळ्यापाशी नुसत्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “काल तुम्ही साठजण दगड गिळून घरी गेलात.” त्या दिवशी गोळी नाही. त्या एका वाक्याची मुलांना छडीपेक्षा जास्त भीती होती.

खडा टाकताना त्यांची डावी भुवई जराशी वर जायची. हे गुपित मला पाचव्या वर्षी कळलं. मी ते कोणाला सांगितलं नाही, कारण स्टाफरूममध्ये त्या आम्हालाही खडे टाकायच्या आणि गोळ्या मला हव्या होत्या.

एकदा विज्ञान प्रदर्शनाला कोणी बडे पाहुणे आले होते. बाई भाषणात म्हणाल्या, “वनस्पती रात्रीच्या वेळी सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, हे आपल्या सन्माननीय पाहुण्यांना वेगळं सांगायला नको.” पाहुण्यांनी मान डोलावली. सहावीतली एक चिमुरडी उठून किंचाळली, “बाई, खडा!” बाई भाषण तिथेच सोडून मंचावरून उतरल्या, तिला गोळी दिली आणि परत चढल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी वाजवल्या ते त्यांनाही ठाऊक नसावं. मुख्याध्यापक मात्र महिनाभर बाईंशी बोलत नव्हते, आणि त्याने बाईंचं काही बिघडलं नाही.

नववीला मेंदूचा धडा होता. त्या दिवशी बाई सकाळीच मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा मेंदू घेऊन यायच्या, स्टीलच्या डब्यात. माझ्या घरी मासे वर्ज्य, त्यामुळे बाईंच्या डब्यातल्या कोळंबीच्या लोणच्यावर माझा कायम डोळा. पहिल्या वर्षी मला काहीच ठाऊक नव्हतं. सुट्टीत बाई हात धुवायला गेल्या तेवढ्यात मी डबा उघडला. आत जे होतं ते पाहून मी अशी ओरडले की शिपाई धावत आला. बाई शांतपणे ओले हात पुसत आल्या. म्हणाल्या, “ओरडतेस काय? तुझ्याही डोक्यात हेच आहे. थोडं मोठं असावं, असा माझा अंदाज.”

तास झाला की तो मेंदू त्या घरी नेऊन मिरी घालून तळायच्या, हेही नंतर कळलं. शास्त्र वेगळं आणि जेवण वेगळं, असं म्हणायच्या.

त्या तासाचा शेवट एका काडेपेटीने व्हायचा. काडेपेटीत कापसावर एक वाळलेला समुद्रघोडा होता, बोटाच्या पेराएवढा. बाईंच्या वडिलांच्या जाळ्यात कधीकाळी आलेला. “मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, ह्या आकाराचा एकेक भाग असतो,” बाई सांगायच्या. “आज शिकलेलं आधी तिथे जातं. तिथे जागा मिळाली तर उद्या आठवतं.” मग काडेपेटी बाकाबाकावरून फिरायची. पंचवीस-तीस वर्षं फिरून त्या घोड्याचं शेपूट तुटलं, तरी बाईंनी तो बदलला नाही.

निवृत्तीनंतरची गोष्ट. संध्याकाळी आम्ही गच्चीवर फेऱ्या मारायचो. तिथेच एकदा बाईंनी त्यांच्या आईबद्दल सांगितलं. वडील वारून दहा वर्षं झाल्यावर आईला विसर पडायला लागला. रोज दुपारी ती ओट्यावर येऊन विचारायची, ह्यांची होडी आली का? आणि घरदार, शेजारपाजार, सगळे म्हणायचे, येते, येते. “मीसुद्धा म्हणाले,” बाई म्हणाल्या. “शेवटची चार वर्षं आईशी कोणी एक खरं वाक्य बोललं नाही, वैशाली. सगळ्यांनी मिळून तिला एकटं पाडलं.”

मग थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. “उद्या मीही तशी झाले, तर मला ते कळणार नाही. मोजायचं ज्याने, तेच यंत्र बिघडलेलं असणार. म्हणून तुला सांगते. मी चुकले की पकडायचं. लाड करायचे नाहीत. हो हो करायचं नाही.”

मी म्हटलं, बरं. त्यांनी पर्स उघडून मला गोळी दिली, आगाऊ म्हणून. मी ती तिथेच चोखून संपवली, इतकं ते मला सोपं वाटलं होतं.

आता माझ्या शहाणपणाची कथा. बाई इमारतीतल्या आठ-दहा मुलांना घरी विज्ञान शिकवायच्या. खडे तिथेही चालू होते. लिमलेटचं पाकीट मीच खालच्या दुकानातून आणून द्यायचे. पूर्वी एक पाकीट महिनाभर पुरायचं. मग पंधरा दिवसांवर आलं, मग आठवड्यावर. दुकानदार मला म्हणाला, “आंटी, डायबिटीज हो जाएगा.” मी हसले. मुलंही खूश, कारण बाई एका तासात चार-पाच खडे टाकायला लागल्या होत्या आणि मुलं भराभर पकडत होती. त्यातल्या एकाची आई मला लिफ्टमध्ये म्हणाली, बाई किती छान शिकवतात, याचा दात किडला तरी हा ट्यूशन बुडवत नाही. मीही म्हटलं, हो ना. पुरावा माझ्या हातात होता, दर आठवड्याला मी तो पिशवीत घालून तिसऱ्या मजल्यावर पोचवत होते.

माझ्याशी बोलतानाही तेच. बाई मला म्हणायच्या, काल मुख्याध्यापक भेटले होते. मुख्याध्यापक वारून तीन वर्षं झालेली. मी म्हणायचे, खडा! बाई क्षणभर माझ्याकडे बघायच्या, मग पर्स उघडायच्या. मी भुवईकडे बघत होते का? बघत असावे. की गोळीकडे बघत होते? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता भुवई आठवते ती खरी आठवते की मीच वर नेऊन ठेवली आहे, याचाही भरवसा उरला नाही.

मग एका सकाळी शाळेच्या वॉचमनचा फोन आला. अपोलीनबाई, म्हणजे शाळेच्या डिमेलोबाई, सात वाजल्यापासून गेटवर उभ्या होत्या, हातात स्टीलचा डबा. आज नववीला मेंदू आहे, म्हणत होत्या. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. वॉचमन बिचारा जुना, त्याने खुर्ची दिली, चहा दिला, रिक्षा करून दिली. मी धावत खाली गेले. बाई रिक्षातून उतरल्या, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, “वॉचमनला खडा टाकून आले. गिळला त्याने.”

मी हसले. आपण किती मूर्खपणे हसू शकतो, ते आठवून मला अजून माझा राग येतो. पण डबा उघडून पाहिला तर आत खरोखरचा मेंदू होता. गंमत करायला कोणी पहाटे उठून मटणाच्या दुकानात जातं का? बाई जाऊ शकतात, असं वाटलं. आणि नाही, असंही वाटलं. दोन दिवस झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बाई, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ. त्या म्हणाल्या, “चल. पुरावा घेऊन येऊ.”

मीरा रोडच्या त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. पास्कूही आला होता, दवाखान्यात यायचं म्हणून नवा शर्ट घालून. तो आल्याआल्याच म्हणाला, “तिला काय न्हाय झालेला. ती ल्हानपनापासून अशीच हाय.” डॉक्टरांनी बाईंना एक गोल काढून दिला आणि त्यात घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. बाईंनी पेन घेतलं. एक ते बारा सगळे आकडे नेटकेपणाने उजव्या बाजूला एकाखाली एक लिहिले. डावी बाजू पूर्ण कोरी. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी, टाळी वाजवून, ओरडले, “खडा!”

पास्कू हसला. मी डॉक्टरांना सगळं समजावून सांगू लागले, बाई मुद्दाम चुकतात, शाळेपासूनची सवय आहे, गोळी द्यावी लागते वगैरे. डॉक्टर ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “मॅडम, हा गेम नाहीये.” मी बाईंकडे पाहिलं. त्या पर्समध्ये गोळी शोधत होत्या.

एमआरआयची फिल्म मिळाली तेव्हा बाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. त्या दिवशी त्या लख्ख होत्या, अगदी शाळेतल्या. “इकडे ये, दाखवते,” म्हणाल्या. “हा डावा घोडा. हा उजवा. बघ, बाजूला काळं किती दिसतंय. एवढी जागा मोकळी पडलीय. वाळलेत दोन्ही.” मी पदर डोळ्यांना लावला. “रडू नकोस, तास चालू आहे,” त्या म्हणाल्या. मग फिल्म खाली घेतली आणि थोड्या वेळाने हळू आवाजात बोलल्या, “मलाही आता ओळखता येत नाही गं. कुठला खडा मी टाकलेला आणि कुठला आपसूक आला.”

मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, चहा टाकते.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आंटींना करेक्ट करू नका. त्यांना टेन्शन येतं, त्या घाबरतात. त्या जे बोलतील त्याला हो बोला, हळूच विषय बदला.” डॉक्टर शिकलेल्या, रोज अशी माणसं बघणाऱ्या. त्यांचं चुकीचं कसं म्हणू? पण मी गोळी खाऊन बसले होते, आगाऊ.

पास्कू बाईंना पालीला घेऊन गेला. मी दर रविवारी जायचे. उत्तनची बस, मग गल्लीतून स्कूटरींना वाट देत देत ओट्यापर्यंत. सुरुवातीला मी शब्द पाळला. एका रविवारी बाई म्हणाल्या, आज शनिवार, उद्या चर्चला जायचंय. मी म्हटलं, “बाई, खडा. आज रविवार. सकाळीच जाऊन आलात तुम्ही.” त्या हसल्या नाहीत. माझं मनगट घट्ट धरलं. “मग आणखी काय काय गेलं माझं?” म्हणाल्या. आणि रडायला लागल्या. तेवीस वर्षांत आणि त्यानंतरही मी बाईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं. पास्कू बाहेर आला आणि मला म्हणाला, “कशाला रडवता तिला, टीचर? घरात कोन तिला असा बोलत न्हाय.” त्याचं बरोबर होतं. बाईंचंही बरोबर होतं. बसमध्ये मी दोन्ही बाजूंनी वाद घालत बसले आणि माझा थांबा निघून गेला.

त्यानंतर मी पकडायचं सोडलं. हो म्हणायला लागले. हो म्हणणं फार सोपं असतं, दुसऱ्याच रविवारी सवय झाली. बाई म्हणायच्या, पेपर तपासायचे राहिलेत. मी म्हणायचे, हो, करू. बाई शांत बसायच्या. आणि मला वाटायचं, या शांत बसल्यात की एकट्या पडल्यात?

शेवटची भेट झाली ती अशाच एका रविवारी दुपारी. पुढे तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने बाई गेल्या, पण तेव्हा त्या बऱ्या दिसत होत्या. ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर काळी पर्स. ती पर्स त्या झोपतानाही सोडत नाहीत, असं पास्कू म्हणाला. समोर परातींवर बोंबील वाळत होते आणि पास्कू मांजरांना हाकलत होता. चार महिन्यांत बाईंनी मला नावाने हाक मारली नव्हती. मी त्यांच्या उजव्या हाताला स्टूल घेऊन बसले.

मग बाई समुद्राकडे बघत म्हणाल्या, “वैशाली, बाबांची होडी आली का गं?”

पास्कूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनीच विनवत. मला गच्ची आठवली. ते मनगट धरणं आठवलं. मी म्हटलं, “येते, बाई. येतेच आहे.”

बाईंनी चेहरा माझ्याकडे वळवला नाही. माझं लक्ष त्यांच्या मांडीकडे गेलं. पर्स उघडी होती. कधी उघडली ते मला कळलं नव्हतं. त्यांचा हात आत होता, मूठ वळलेली. तो हात तसाच थांबून राहिला. वाट बघितल्यासारखा, असं मला वाटलं, पण त्यांचे हात तेव्हा कुठेही, कसेही थांबायचे. मग त्यांनी तो रिकामा बाहेर काढला.

टक.

“गिळलास,” त्या म्हणाल्या.

“काय गिलला?” पास्कूने विचारलं. “ती आता काय पन बोलते, टीचर. मनाला लावून घ्यायचा न्हाय.”

मी बाईंना हाक मारली. दोनदा मारली. त्या समुद्राकडेच बघत राहिल्या, पर्सवर दोन्ही हात ठेवून. डावी भुवई मला दिसली नाही. मी उजव्या बाजूला बसले होते.